सात नंबरची बाटली

प्राध्यापक झाल्यावर जयराम वेखंडे सरांना काय काय मिळणार होतं, ते मी एकदा बसून मोजलं होतं. दारावरच्या पाटीतून 'सहयोगी' हा शब्द जाणार होता. स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची कायमची त्यांची होणार होती. भूगोलाचे सर निवृत्त झाल्यापासून ती रिकामीच असायची, आणि तिच्यावर दुसरं कोणी बसलं की वेखंडे सर काही न बोलता शेजारी येऊन उभे राहायचे. कॉलेजच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव उपप्राचार्यांच्या वर जाणार होतं. आणि कल्याणच्या मेहुण्याला एकदाचं उत्तर देता येणार होतं. हा मेहुणा गेली अकरा वर्षं प्रत्येक लग्नात, हातात ताट घेऊन, चार माणसांत विचारायचा, "काय दाजी, अजून असोसिएटच का?" माझा अंदाज असा की पाटी, खुर्ची, पत्रिका हे सगळं वरचं होतं. सर हे सारं त्या मेहुण्यासाठी करत होते.

शहापूरच्या आमच्या कॉलेजची मी ग्रंथपाल. पुस्तकं आजकाल कोणी फारशी नेत नाही, त्यामुळे माझ्याकडे मोजणीचं काम आलंय. कोणत्या सरांचे किती पेपर छापले, त्यांना जगात कोणी कोणी दाखला दिला, त्याला सायटेशन म्हणतात, ती किती झाली, हे मी दर सोमवारी काढून ठेवते. ठेवते म्हणजे वेखंडे सर काढायला लावतात.

"मॅडम, किती?"

"एकशे त्र्याऐंशी."

"मागच्या सोमवारीही तेवढेच होते."

"पेपर तोच आहे ना सर."

"परत एकदा बघा. कधी कधी उशिरा चढतं."

लहान मुलाचा ताप बघावा तसं मी परत बघायची. एकशे त्र्याऐंशीच असायचे. सर सुस्कारा टाकून जायचे आणि जाताना माझ्याच टेबलावरचं वर्तमानपत्र घेऊन जायचे.

तो पेपर नऊ वर्षांपूर्वीचा. मुरबाडच्या पलीकडे उंबराचा पाडा म्हणून वस्ती आहे. तिथल्या बोअरला तांबडं पाणी येतं, लोहाचं. भांड्यांना डाग, कपड्यांना डाग, भात शिजवला तर तोही पिवळट. सरांनी भातगिरणीवरचा तूस आणला, तो जाळून राख केली, ती राख त्या पाण्यात घालून ढवळली, गाळली आणि लोह मोजलं. त्यातलं चौऱ्याण्णव टक्के गेलं होतं. फुकटचा तूस, फुकटची राख, आणि चौऱ्याण्णव टक्के! पेपर परदेशातल्या एका जर्नलमध्ये आला. सर तेव्हा पेढे घेऊन प्रत्येक वर्गात गेले होते, कला शाखेतसुद्धा.

पुढे एकशे त्र्याऐंशी जणांनी त्याचा दाखला दिला. मी ते सगळे उघडून बघितलेत, कारण यादी मलाच करायची असते. त्यातले चौदा दाखले सरांनी स्वतःच स्वतःला दिलेले. नव्वदच्या आसपास लोकांनी 'तुसाच्या राखेने पाणी शुद्ध होते' एवढं एक वाक्य लिहून पाठोपाठ वीस पेपरांची नावं ओळीने लावलेली, त्यात सर अकरावे किंवा बारावे. प्रयोग परत करून बघणारा मला त्या यादीत एकही सापडला नाही.

करून बघणारी एकच होती, आणि ती आमच्याच प्रयोगशाळेत होती.

रेश्मा आगिवले मुरबाडकडचीच. उंबराच्या पाड्यापासून चार किलोमीटरवर तिचं गाव. सरांच्या हाताखाली पीएचडीला लागून तिला पाचवं वर्ष चालू होतं. विषय सरांनीच दिलेला. त्याच राखेचा मोठा फिल्टर बनवायचा आणि गावोगावी बसवायचा. पण त्याआधी सरांचे चौऱ्याण्णव टक्के तिच्या हातून यायला हवे होते, आणि ते येत नव्हते. एकतीस यायचे. कधी अठ्ठावीस. एकदा चौतीस आले तेव्हा तिने मला वडापाव खाऊ घातला.

"तुझ्या हातात काहीतरी गडबड आहे," सर म्हणायचे.

"सर, राख तीच, गिरणी तीच, बोअर तोच."

"मग हात."

पाच वर्षं हा एकच संवाद. तिने राख तीन तापमानांना जाळून बघितली. वजनकाटा बदलला. ठाण्याच्या एका लॅबमध्ये नमुने पाठवले, तिथूनही एकतीसच आले. तेव्हा सर म्हणाले, "नमुना भरताना हात गडबडला असणार." मला तर त्या पोरीच्या हातांकडे बघवेना. आम्लाने बोटं फुटलेली, आणि वर हा आळ.

मागच्या मार्चमध्ये गोष्ट गळ्याशी आली. रेश्माच्या नोंदणीची मुदत एकतीस मार्चला संपत होती. तोवर प्रबंध गेला पाहिजे आणि त्यावर मार्गदर्शकाची सही पाहिजे. मुरबाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची जागा निघाली होती, घरापासून वीस मिनिटांवर. अट एकच, पीएचडी. कॉलेजने तिला सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत थांबतो. तिने प्रबंध लिहून काढला होता आणि त्यात खरं तेच लिहिलं होतं, एकतीस टक्के. सर त्यावर सही करत नव्हते. त्यांची स्वतःची मुलाखत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. त्यांच्याच विद्यार्थिनीने, त्यांच्याच सहीनिशी, त्यांचा तो एकमेव गाजलेला पेपर खोटा पाडायचा?

"चौऱ्याण्णव आण, सही घे," सर म्हणाले.

"आणि नाय आले तर?"

"तर मुलाखतीनंतर बघू."

"सर, मुलाखत सातला हाय. माझी मुदत एकतीसला."

"तेच तर म्हणतोय, आण."

मुलाखतीच्या फाइलमध्ये 'संशोधनाचा समाजाला उपयोग' असा एक रकाना असतो. त्यासाठी सरांना फोटो हवा होता. पेपर छापून आला त्या वर्षी उंबराच्या पाड्यात कोणा संस्थेने त्या राखेचा एक निळा ड्रम बसवला होता, फीत वगैरे कापून. फोटो काढायला सर निघाले, सोबत रेश्मा. तिला त्याच फेरीत पाण्याचे डबे भरून आणायचे होते. मलाही नेलं, कारण कॅमेरा ग्रंथालयाचा आणि रजिस्टरप्रमाणे तो माझ्याशिवाय हलत नाही. सरांच्या गाडीने किन्हवली, सरळगाव करत मुरबाडच्या पुढे गेलो. सर वाटेत तीनदा थांबले, दोनदा इस्त्रीचा शर्ट झटकायला आणि एकदा मेहुण्याचा फोन कापायला.

पाड्यात पोचल्यावर ड्रम दिसला. तो सकूबाईच्या घराच्या पडवीत आडवा पाडलेला होता आणि आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

सकूबाई साठीच्या पुढची. बोअर तिच्या दारात, त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी सर पाणी न्यायला यायचे ते तिच्याकडेच. तिने सरांना लगेच ओळखलं. "अरे देवा, सर आले! बसा, बसा. गो भागी, खाट टाक."

"सकूबाई, हा ड्रम..." सर म्हणाले.

"त्या होय? त्यातून पानी जसा टाकू तसाच येयाचा, तांबडाच. वर राख खाली यायची ती निराळी. दोन म्हयने केला. मग म्हटला, कोंबडीला तरी होईल."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमी परत आले कुठं?"

सर खाटेवर बसले. मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. रेश्मा नेहमीप्रमाणे स्वतःच बोअरवर गेली, हापसा मारला आणि डबे भरू लागली. तेवढ्यात सरांना वाटलं की आलोच आहोत तर आपणही एक डबा भरून न्यावा, स्वतःच्या हाताने प्रयोग करून पोरीला दाखवावा. तसं ते मोठ्याने बोललेही. सकूबाई ताडकन उठली, सरांच्या हातातला डबा घेतला आणि आत गेली. बाहेर आली ती हंडा घेऊन. रेश्माचा डबा सरकवून हापशाखाली हंडा भरला, कनवटीला खोचलेला पांढरा खडा काढला आणि पाण्यात गोल गोल फिरवू लागली.

रेश्मा हापसा मारायची थांबली.

"सकूआजी, ह्ये काय?"

"तुरटी."

"तुरटी कशाला?"

"म्हंजे? पाव्हन्याला तांबडा पानी देयाचा का? थोडा वखत ठेवला म्हंजे सगळा गाळ खाली बसतो. पन सरांना कायम घाई. बसायच्या आत डबा भरून चालायचे. मी म्हनायची, अर्धा घंटा थांबा, चा घ्या. एकदा थांबले नाय."

"सरांना दर वेळेला तुरटी फिरवून द्यायचीस?"

"तर! येवढा मोठा मानूस."

"आणि मला पाच वर्षांत कधी नाय दिलीस?"

सकूबाईने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की पोरगी खुळी झाली की काय. "तू काय पाव्हनी हायस? तू आपली. हापसा मारतेस, भरतेस, जातेस."

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, पण तुरटी काय करते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. गाळ एकत्र येतो, त्याचे गोळे होतात, आणि मग ते तळाशी बसतात नाहीतर गाळणीत अडकतात. सरांच्या डब्यात ती नऊ वर्षांपूर्वीही होती. मुरबाडहून शहापूरपर्यंत डबा हिंदकळला, सरांनी तो आणखी हलवून आधी मोजलं, तेव्हा लोह पुरेपूर भरलं. मग राख घालून गाळलं, तेव्हा तुरटीने गोळा केलेलं सगळं गाळणीत राहिलं. नाव राखेचं झालं.

रेश्माने सकूबाईच्या हातून तो हंडा घेतला, त्यातलं पाणी वेगळ्या डब्यात भरलं आणि डब्यावर मोठ्या अक्षरात 'तुरटी' लिहिलं. सर खाटेवरून एवढंच म्हणाले, "एका वेळेला घातली असेल." सकूबाई आतून ओरडली, "दर वेळेला!"

परतताना सरळगावला सरांनी चहा सांगितला आणि तिघांपैकी कोणीच प्यायलं नाही.

दोन दिवसांत रेश्माने प्रयोग केले. तुरटीचं पाणी राख घालून गाळलं, पंच्याण्णव टक्के. तुरटीचं पाणी राख न घालता नुसतंच गाळलं, ब्याण्णव टक्के. ती कागद घेऊन सरांकडे गेली. सरांनी वरचा आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पंच्याण्णव! बघ, मी म्हणत होतो ना, हाताचाच प्रश्न होता!" मग खालचा आकडा वाचला. मग चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे दुसरं कोणी विचारलं होतं का?"

हे मला रेश्माने माझ्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं आणि मग ती रागाने रडली. "ताई, ते म्हणतात, ह्या पाण्याचा विशेष गुण म्हणून लिही. तुरटीचा शब्द काढ. मग सही."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? दार आपटलं आणि आले. आता दारासाठी पण बोलतील."

मला एक गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार होती, तेव्हा सगळ्या विभागांनी जुन्या वह्या पोत्यात भरून ग्रंथालयात आणून टाकल्या होत्या, 'संशोधन संग्रह' म्हणून. समिती आली, पोती लांबून बघून गेली. त्या वह्या अजून तिथेच होत्या, झुरळांसकट. दुपारी मी सरांची नऊ वर्षांपूर्वीची वही शोधून काढली. सरांचं अक्षर वळणदार. एक ते सहा नंबरच्या बाटल्या, प्रत्येकीत राख, प्रत्येकीपुढे त्र्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. आणि सातवी ओळ अशी: 'बाटली ७. राख नाही. गाळल्यावर पाणी स्वच्छ. बाटली खराब?' त्यावर एक आडवी रेघ, पट्टीने मारलेली.

राखेशिवाय काय होतं हे बघायलाच ती बाटली ठेवतात, हे रेश्माने मला नंतर समजावलं. म्हणजे सातव्या बाटलीने सरांना पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. सरांनी बाटलीलाच खराब ठरवलं. पुढे पोरीच्या हाताला ठरवलं.

अठ्ठावीस मार्चला सर माझ्याकडे आले. फाइलला ग्रंथपालाचा दाखला लागतो, 'सदर शोधनिबंधाची सायटेशन मी स्वतः तपासली असून ती एकूण अमुक आहेत', खाली सही आणि गोल शिक्का.

"मॅडम, किती झाले?"

"एकशे सत्याऐंशी."

"चार वाढले!" सरांचा आनंद मावेना. "घाला आकडा, मारा शिक्का."

मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. सातव्या ओळीवर त्यांचं बोट गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही कुठे मिळाली?"

"तुम्हीच जमा केली होतीत. पोत्यातून."

"एका बाटलीवरून काही ठरत नसतं मॅडम."

"उरलेल्या सहा बाटल्यांवरून एकशे सत्याऐंशी झाले, सर."

"तुम्ही मला अडवताय."

"मी कशाला अडवू? मला दाखला द्यायचाय. रेश्माचा प्रबंध इथंच आहे, माझ्या खणात. तुम्ही तिला सही द्या, मी तुम्हाला देते. दोन्ही आत्ताच."

सर बराच वेळ प्रबंध उलटत राहिले. "ते तुरटीचं कुठल्या पानावर आहे?"

"एकशे एक्केचाळीस."

"सारांशात नाही?"

"सारांशात एक ओळ आहे. पण सर, शब्द काढायचा नाही."

त्यांनी पान एकशे एक्केचाळीस उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि हळूच म्हणाले, "एवढं आतपर्यंत कोण वाचतंय म्हणा." मग माझंच पेन घेतलं, समासात चालवून बघितलं आणि सही केली. मी त्यांच्या दाखल्यावर केली. आकडा खरा होता, मला आकड्याचाच दाखला द्यायचा होता, असं मी मनाला सांगितलं. शिक्का जरा जोरातच मारला गेला.

मुलाखत अकरा मिनिटं चालली, हे सरांनीच सांगितलं. पहिल्या तज्ज्ञांनी विचारलं, झेरॉक्स साक्षांकित आहेत का. दुसऱ्यांनी विचारलं, तुम्ही शहापूरचे, मग तानसाला बोटिंग चालू आहे का. तिसऱ्यांनी एकशे सत्याऐंशी आकडा बघून नुसतं "वा" म्हटलं. सर प्राध्यापक झाले. पेढे कला शाखेपर्यंत गेले.

रेश्माचा प्रबंध बाहेरच्या एका परीक्षकांकडे गेला. त्यांनी मात्र एकशे एक्केचाळिसावं पान वाचलं. सहा महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अहवाल आला. तो रेश्माने मला वाचून दाखवला, एकेका शब्दावर दात खात. 'विद्यार्थिनीचे निष्कर्ष प्रस्थापित संशोधनाशी जुळत नाहीत. एकशे सत्याऐंशी संशोधकांनी मान्य केलेले निष्कर्ष नाकारण्यासाठी सादर केलेले नमुने अपुरे आहेत. किमान चाळीस नमुन्यांवर, सर्व ऋतूंत, प्रयोग पुन्हा करावेत. तत्पूर्वी विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकांचे मूळ संशोधन काळजीपूर्वक अभ्यासावे.'

"ताई, आकडा त्यांनी कुठून घेतला?"

तो आकडा, माझ्या सहीशिक्क्यासकट, कॉलेजच्या वेबसाइटवर सरांच्या अभिनंदनाच्या पानावर होता.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. त्या खुर्चीत ते बसले होते, खिडकीतून वारा छान येत होता. म्हटलं, सर, आता मिळायचं ते मिळालं, त्या जर्नलला कळवून टाका की चूक झाली, मग परीक्षकांना काही म्हणता येणार नाही. सर, माझ्या अंदाजाविरुद्ध, तयार झाले. त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, मी टाइप केला: राखेचा परिणाम मानला तो तुरटीचा होता. सांगताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला, हेही लिहून ठेवते. पण मजकूर पाठवायला गेलो तर जर्नलच बंद पडलेलं. चार वर्षं झाली होती. त्याच्या वेबसाइटच्या पत्त्यावर आता धावायचे बूट विकायला होते.

"आता कोणाला कळवायचं?" सर म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ते सुटल्यासारखे दिसले.

"परीक्षकांना कळवा," रेश्मा म्हणाली.

सरांनी परीक्षकांना तीन ओळी लिहिल्या, 'निष्कर्षांचा सहानुभूतीने विचार व्हावा.' तुरटीचा शब्द त्यात नव्हता. परीक्षकांनी सहानुभूतीने विचार केला आणि चाळीस नमुन्यांवर कायम राहिले. मुरबाडच्या कॉलेजने दिवाळीपर्यंत वाट बघितली, मग दुसरं माणूस घेतलं.

तर एकंदर जमाखर्च असा झालाय. सरांना पाटी मिळाली, खुर्ची मिळाली, पत्रिकेत उपप्राचार्यांच्या वर नाव लागलं. मेहुणा मात्र फेब्रुवारीतल्या लग्नात, हातात ताट घेऊन, चार माणसांत म्हणाला, "वा दाजी! मग आता प्राचार्य कधी?" सायटेशन दोनशे तीनवर गेली, बंद पडलेल्या जर्नलमधल्या पेपरची. सर अजून सोमवारी येतात. परीक्षकांचं काही गेलं नाही. माझा एक शिक्का गेला, तो मी माझ्या नावावर धरते.

रेश्माचं सहावं वर्ष चालू आहे आणि जागा गेली ती गेलीच. महिन्यातून दोनदा ती शहापूरहून एसटीने उंबराच्या पाड्यात जाते. सकूबाई प्रत्येक डब्याला विचारते, "यात फिरवू का नको?" रेश्मा सांगते, "आजी, या विसात फिरव, त्या विसात नको." सकूबाईला त्या दुसऱ्या विसांची फार लाज वाटते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती सांगते की पोरीनेच नको म्हटलं, माझा हात आखडलेला नाय.

म्हणजे सरांच्या चुकीची किंमत चुकती केली ती अशी: एक नोकरी आणि सहा वर्षं रेश्माने, आणि परवापर्यंत तुरटीचे अकरा खडे सकूबाईने.